हाताबाहेरचा हात

चेहरा बिघडला तर शिल्पकाराला पळवाटा पुष्कळ असतात. ‘हे त्यांचं तरुणपणचं रूप’ म्हणावं, ‘विचारात पडलेत’ म्हणावं, फारच अंगाशी आलं तर ‘मॉडर्न आहे’ म्हणून मोकळं व्हावं. घोडा बिघडला तरी खपतो. बघणाऱ्यांपैकी घोड्याशी रोजची उठबस असलेले असे कितीजण? हाताचं तसं नाही. मातीचा हात पुढ्यात ठेवला की माणूस क्षणभर त्याच्याकडं बघतो आणि मग काही न बोलता स्वतःचा हात उचलून त्याच्या शेजारी धरतो. अस्सल प्रत ज्याच्या त्याच्या खांद्याला लोंबत असते, तीही एकाला दोन. असल्या परीक्षकांपुढं पास व्हायला मायकेलअँजेलोच पाहिजे, आणि तो आमच्या बेळगावच्या अनगोळात राहत नाही.

मी या भानगडीत पडलो तो गणपतीच्या नादानं. निवृत्तीनंतर घरचा गणपती आपणच शाडूचा करायचा, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. गोवावेसच्या बाजूला एक सर संध्याकाळी मातीकामाचा वर्ग घेतात असं कळलं. जिल्ह्यातल्या गावोगावच्या चौकांतले घोडे आणि तलवारी त्यांच्या हातून गेलेल्या. बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि जे दोन्हीत बसत नाही ते मातीत बोट खुपसून. मी म्हटलं, “सर, गणपती शिकायचाय.”

“गणपतीला हात किती?”

“चार.”

“मग त्यातलं एक तरी करून दाखवा की वो आधी. सोंड काय, कुणीबी करतंय. सोंडेत हाड नाही.”

कुणाचा हात करू, असं विचारलं तर म्हणाले, तुमचाच, डावा. भाडं नाही, चहा नाही, आणि मॉडेल वेळेवर येतंय.

मॉडेल वेळेवर येत होतं हे खरं, पण टिकत नव्हतं. मातीकाम हे दोन हातांचं काम. त्यातला एक पोज देऊन बसवला की उरलेल्या उजव्याला गोळा धरता येत नाही. गोळा धरायला म्हणून डावा पुढं करावा तर मॉडेल उठून गेलेलं. परत जागेवर बसवावं तर मघाशी करंगळी किती वाकलेली होती ते कुणाला आठवतंय? वर त्याला आता कोपरापर्यंत माती लागलेली, त्यामुळं जे बघून करायचं तेच झाकलेलं. मी हात धुवायला जायचो, धुऊन यायचो, तोवर इकडची माती सुकायची.

सरांकडं प्लास्टिकचा एक हाडांचा हात होता. तो पुढ्यात ठेवून त्यांनी मला हाडं मोजायला लावली. माझा हिशेब साधा होता. पाच बोटं, प्रत्येकी तीन पेरं, म्हणजे 15, खाली तळहातासाठी एखादं पसरट हाड, खातं बंद. निघाली 27. अंगठ्याला पेरं दोनच, म्हणून बोटांची 14. तळहातात एक पसरट नव्हे तर पाच लांबट. आमची आजी कुठलाही हिशेब चार बोटांच्या 12 पेरांवर अंगठा फिरवून करायची आणि अंगठ्याची पेरं कधी धरायची नाही. मोजणाऱ्याला कुणी मोजत नाही, हे पुढं नोकरीतही बघायला मिळालं.

आणि राहिलेली आठ हाडं मनगटात, दोन रांगांत, एकमेकांना खेटून. मी म्हटलं, सर, मनगट वेगळं आणि हात वेगळा ना? तर नाही. ही आठही हाताचीच. म्हणजे कागदोपत्री हातात आणि राहायला मनगटात. घड्याळ बांधणारा त्यांना हात म्हणत नाही आणि कोपराकडून येणारी दोन लांब हाडं त्यांना आपल्यात धरत नाहीत. ज्याचं घर 1956 पासून या भागात आहे त्याला ही परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही. सरांचं म्हणणं एवढंच होतं, की हात वळतो, वाकतो, झुकतो तो या आठांच्या जिवावर. यांना विसरून पंजा थेट बाहीला जोडला की तो जोडल्यासारखाच दिसतो. मी मान डोलावली. आयोग नेमून असले प्रश्न सुटत नाहीत, हे मला आधीपासून माहीत होतं.

सुरुवात मी अर्थातच बोटांपासून केली. पाच छान वळ्या वळल्या, एका गोळ्यात खोचल्या. सरांनी त्या एकेक करून उपटल्या. “बोट नंतर. आधी पेटी.” तळहात म्हणजे आधी एक जाड पेटी, मनगटाकडं जाड आणि बोटांकडं पातळ होत जाणारी. त्या पेटीला अंगठ्याच्या बाजूनं एक मांसल उंचवटा, करंगळीच्या बाजूनं दुसरा, आणि मध्ये खळगा. पेटी सपाटसुद्धा नसते. तर्जनी आणि मधल्या बोटाखालची हाडं मनगटाला घट्ट बांधलेली, पण करंगळीकडची हलतात. मूठ आवळून बघा, करंगळीची गाठ सगळ्यांत जास्त आत जाते. म्हणून तर ओंजळ होते आणि म्हणूनच बोटांच्या चारही गाठी एका ओळीत ठेवून चालत नाही, कमानीत ठेवाव्या लागतात. माझ्या त्या ओळीतच होत्या. ओल्या फडक्यात गुंडाळून मी ते प्रकरण घरी नेऊन व्हरांड्यात ठेवलं. सकाळी शेजारच्या काकू फडकं उचलून बघत होत्या. म्हणाल्या, “आलं कुठलं आणलासा वो? गड्डा मोठा दिसालाय. थोडं मोडून घेऊ काय?”

बोटांची लांबी हा तर सरळसरळ फसवणुकीचा मामला आहे. हात पालथा धरून मधलं बोट कुठं सुरू होतं ते बघा. गाठीपासून. आता तोच हात उताणा करा. बोट सुरू होतं बेचक्यापाशी, पहिल्या हाडाचा अर्धाअधिक भाग तळव्यानं गिळलेला. बोट तेच, माणूस तोच, पाठीकडून लांब आणि तळव्याकडून आखूड. दोन सरकारांनी एकाच शिवाराची हद्द दोन नकाशांत वेगवेगळी दाखवावी तसलीच ही गोष्ट, फक्त इथं दोन्ही नकाशे एकाच वेळी खरे. मी पाठीवरून मापं घेऊन बोटं केली की तळव्याच्या बाजूनं ती पार मनगटापर्यंत चिरलेली दिसायची. तळव्यावरून घेतली की पाठीकडून बुटकी. एकदा मी दोघांत समेट म्हणून मधली लांबी धरली. तेव्हा हात दोन्हीकडून चुकीचा दिसायला लागला. शेवटी सरांनी दोन बोटांच्या मध्ये पट्टी घालून तिरका उतार काढला. बेचकं सरळ खाली जात नाही, पाठीकडून तळव्याकडं उतरत येतं. एवढ्या एका उतारानं दोन्ही मापं खरी झाली. साठी ओलांडेपर्यंत हा उतार माझ्या दोन्ही हातांवर होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मग स्नायू. माझी समजूत अशी की हात कमावलेला दाखवायचा तर बोटांवर थोडी फुगीर माती चढवावी. सर म्हणाले, बोटात हलवणारा स्नायू नसतोच. पाठीवर हाड, दोरी आणि कातडं. पोटाकडं चरबीची गादी. त्यामुळं बोट वरून कडक आणि खालून मऊ. वाकवण्या-उघडण्याची खरी ताकद असते कोपराखाली, तिथून दोऱ्या निघतात आणि मनगटातून बोटांपर्यंत पोचतात. दुसऱ्या हातानं कोपराखाली धरून बोटं नाचवून बघा, आत सगळा कारभार हलताना लागतो. तळहातात काही बारीक स्नायू आहेत, नाही असं नाही, नाजूक कामं ते बघतात. पण ओढायचं ते लांबूनच. मला हे ताबडतोब पटलं. आमच्या जिल्ह्याचं बोटसुद्धा 500 किलोमीटरवरच्या बेंगळूरहून हलतं. 2012 साली इथं सुवर्ण विधानसौध उभं राहिलं खरं, पण दोऱ्या ओढणारे येतात ते हिवाळी अधिवेशनापुरते, आणि थंडी वाजायला लागली की परत कोपराखाली जातात.

हे सगळं ज्ञान माझ्या एकट्याच्या पोटात मावणं शक्य नव्हतं. एका रविवारी आत्या आणि तिच्या घरचे जेवायला आले होते. मी म्हटलं, एक गंमत करा. तळहात टेबलावर टेकवा. मधलं बोट आत मुडपून दाबून ठेवा. आता एकेक बोट उचला. अंगठा उचलला, तर्जनी उचलली, करंगळीही उचलली. अनामिका मात्र जागची हलेना. बोटं उघडणाऱ्या दोऱ्या हाताच्या पाठीवर एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. मधली अडकली की अनामिकेलाही सुटता येत नाही. हे मी सांगणारच होतो, पण आत्या माझ्या पुढं गेली. “अगं बाई! वारं गेलं गं माझ्या हातावरनं!”

पुढचा अर्धा तास मला बोलायला मिळालं नाही. एकानं तिला हसायला सांगून तोंड वाकडं होतंय का ते पाहिलं. दुसऱ्यानं रिक्षा बोलावली. ओरडा ऐकून शेजारच्या काकू आल्या. त्यांना काय झालं ते दाखवायला म्हणून बायकोनं हात टेकवला, तर तिचंही बोट उचलेना. काकूंनी बघितलं, त्यांचंही नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवून कंटाळला आणि आत आला, तर टेबलाभोवती सात माणसं पंजे टेकवून बसलेली आणि एकाचंही चौथं बोट हलत नव्हतं. तो दारातूनच मागं सरला. बायको रात्री म्हणाली, “मी तवाच म्हटलो होतो, नुसता टीव्ही बघत बसा.”

त्यानंतर मला लोकांच्या हातांकडं बघायची खोड लागली. गणपत गल्लीत भाजी घेताना मी मेथीकडं न बघता बाईंच्या मनगटाकडं बघत राहिलो, तर त्यांनी तराजूच माझ्या नाकाशी आणला. “काय बघालाय? वजन बरोबर हाय.” लग्नघरात मांडे करणाऱ्या बायकांपुढं मी असाच खिळलो. त्या लाटीला पोळपाटावर नुसती सुरुवात करून देतात, मग ती हातांवर घेऊन फिरवत, झुलवत एवढी पसरवतात की हातावरची नस अन् नस पिठाखालून दिसते, आणि एकाही गाठीला लागून ती फाटत नाही. मला तिथून हलवायला त्यांनी एक मांडा दिला. या सगळ्या विद्येतून आजवर झालेली रोख प्राप्ती एवढीच.

निपाणीच्या मामांनी मात्र शिकवणीच दिली. तिकडं तंबाखूत जन्म गेलेला, घरोघरी बायका विड्या वळतात. त्यांची बोटं पान बघत नाहीत, मापही बघत नाहीत. बघतात त्या गप्पा मारणाऱ्या बाईकडं. मामा स्वतः तपकीरवाले. अंगठा ताठ करून मागं ओढला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या वर, दोन दोऱ्यांमध्ये एक तिकोनी खळगा पडतो. मामा चिमूट त्यात ठेवतात आणि नाक तिथं नेतात. शरीरशास्त्राची पुस्तकं या खळग्याला तपकिरीचीच डबी म्हणतात, हे सांगितल्यावर मामांना काही विशेष वाटलं नाही. म्हणाले, “मग काय पानाचा डबा म्हणणार?”

सरांना माझ्या मातीच्या हातावर तो खळगा पाहिजे होता. माझ्या हातावर तो होताही. पण त्याच्या पुढं, जिथं अंगठ्याचं हाड मनगटात बसतं तिथं, एक उंचवटाही होता. मी तो इमानेइतबारे माती लावून करायचो आणि सर येता-जाता तो पट्टीनं खरवडून काढायचे. “इथं कोपरा येत नाही. अंगठा उतरत उतरत मनगटात जातंय.” मी डावा हात पुढं करून दाखवायचो. सर म्हणायचे, “मॉडेलचं सगळं घ्यायचं नसतंय.” ते पाठमोरे झाले की मी पुन्हा माती लावायचो. नोकरीत साहेबांनी खोडलेला आकडा असा कधी परत घातला नव्हता. पण इथं पेन्शन चालू झालेलं होतं.

अंगठा हे प्रकरणच वेगळं आहे. बाकीच्या चौघांची नखं एकीकडं तोंड करून असतात, आणि हा कुशीवर निजलेला. याचं बूड दोन खोगिरं एकमेकांवर आडवी ठेवावीत अशा सांध्यात बसतं, म्हणून तो पुढं येतो, बाजूला जातो, आणि फिरून प्रत्येक बोटाच्या टोकाला जाऊन भेटतो. माझ्या वर्गातले एक निवृत्त पोस्टमास्तर अंगठाही इतरांच्या रांगेत, नख वर करून बसवायचे. अंगठा एकूण चारदा पडला. टपालखात्यात सगळे शिक्के एका दिशेनं मारायची सवय.

आणि मापं. आपल्या शिल्पशास्त्रात ताल नावाचं माप आहे, चेहऱ्याएवढं, 12 अंगुळांचं. आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हातही तेवढाच धरतात. सर म्हणाले, हात तोंडावर ठेवून बघा. तळहाताचं बूड हनुवटीवर, बोटाचं टोक केस सुरू होतात तिथं. मी ठेवला. पण केस सुरू होतात ती रेषा माझ्या डोक्यावर गेली वीस वर्षं मागं मागं सरकते आहे आणि आता कुठली हद्द ग्राह्य धरायची यावर एकमत होणं अवघड. लग्नाच्या फोटोवरून मापलं तर हात बरोबर होता.

आमच्या गल्लीत मूर्तिकारांचं घर आहे. आषाढात त्यांच्याकडं गणपती रांगेनं सुकत असतात. मी गेलो होतो त्यांच्या हातांचा अभ्यास करायला. आशीर्वादाचा हात बघितला तर त्यात एक गाठ नाही, एक दोरी नाही, चार बोटं एकमेकांना चिकटलेली आणि गुळगुळीत. मी माझी 27 हाडं काढली. त्यांनी ब्रश खाली न ठेवता ऐकून घेतलं. “देवाला हाडं नसतात वो. आणि बोटांत फट ठेवली की टेम्पोत पहिल्या खड्ड्याला करंगळी जाती. गिऱ्हाईक काय म्हणणार? शास्त्र बरोबर आहे, करंगळी मोडू दे?” सरांचंही मत फार वेगळं नाही. चौकातल्या वीरांना ते हातात तलवार देतात, कारण मूठ आवळली की निम्म्या भानगडी मुठीत जातात.

हात वर्गातून घरी आणि घरातून वर्गात न्यायचा म्हणजे सिटी बस. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी. एकदा गर्दीत फडकं सरकलं आणि पिशवीच्या तोंडातून चार बोटं बाहेर आली. समोर बसलेल्या मुलीनं किंकाळी फोडली. कंडक्टर वाट काढत आले. “इदेन्री?”

“मण्णिन कै री,” मी म्हटलं. मातीचा हात. माझं कन्नड एवढं सुबक दुसऱ्या कुठल्या प्रसंगी पडलेलं नाही.

त्यांनी वाकून नीट बघितलं आणि लगेच, ठरल्याप्रमाणे, स्वतःचा हात शेजारी धरला. अंगठ्याच्या बुडाशी बोट लावून मराठीत म्हणाले, “इथं जरा माती जास्त झालीया.” मग तिकिटाचा प्रश्न निघाला. 2023 पासून आमच्याकडं बायकांना सरकारी बसमध्ये तिकीट नाही. मागच्या सीटवरून एकजण म्हणाला, बाईचा हात असेल तर फुकट. दुसरा म्हणाला, फुकट कसं, कर्नाटकातली रहिवासी पाहिजे. मी सांगितलं, माती खानापूरची आहे. हे सगळ्यांना मान्य झालं. पण कंडक्टर कायद्याचे पक्के. “आधार कार्ड?” त्यावर कुणीतरी म्हणालं, काढायला गेलं तर बोटाचे ठसे कुठनं देणार? ठसे खरोखरच नव्हते. तेवढे बारकावे करायचे राहिले होते. शेवटी हात माझ्या मांडीवर बसून आला आणि तिकीट माझं एकट्याचं पडलं.

घरी मेव्हणे आले होते. त्यांनी मातीच्या हाताकडं बघितलं, स्वतःचा शेजारी धरला, आणि म्हणाले, “भावजी, मोठं झालंय.” मी त्यांना शांतपणे सांगितलं, की फ्लॉरेन्समधल्या मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा उजवा हातसुद्धा मापापेक्षा मोठा आहे, आणि 1504 पासून त्याबद्दल कुणी मेव्हण्यानं तक्रार केलेली नाही. बायको आतून म्हणाली, “त्येचं बाकीचं अंगबी सतरा फूट हाय म्हणं.” हिला हे कुठून कळलं देव जाणे. मग मी फ्रेंच शिल्पकार रोदँ काढला. त्यानं 1908 साली दोन हात एकमेकांकडं झुकलेले केले, सुंदर, त्यांना ‘कॅथेड्रल’ म्हणतात. बघणारे भारावून जातात आणि ते दोन्ही हात उजवे आहेत हे पुष्कळांना कळतही नाही. मेव्हण्यांनी मोबाइलवर फोटो काढून बघितला. आपला उजवा पुढं केला, बायकोचा उजवा पुढं ओढला. “हां, दोन माणसांचे आहेत.” तीन सेकंदांत. वर अंगठ्याच्या बुडाकडं बोट करून, “आणि इथलं ते टेंगूळ काढा.”

मोठा झाला होता हे खरं, पण मुद्दाम. माती सुकताना आटते. मोठा करावा, म्हणजे सुकून मापाला येतो. सुकण्यात दुसरी मेख असते ती तारेची. बोटं उभी राहावीत म्हणून आत तार घालतात. माती आटते, तार आटत नाही, आणि मग माती जिथून सोय होईल तिथून फाटते. म्हणून सर प्लॅस्टरचा साचा काढायचं म्हणत होते. मला भट्टीत भाजायचा होता, तेव्हा तार उपसून, आतून पोकळ करून परत जोडायचा उद्योग झाला, कारण जाड मातीत ओल राहिली की भट्टीत तिची वाफ होते आणि हात फुटतो. आणि हे सगळं श्रावणाच्या तोंडावर, बेळगावच्या पावसात, जिथं रुमालसुद्धा आठवडाभर सुकत नाही. हात व्हरांड्यातून स्वयंपाकघरात आला, तिथून गॅसच्या वरच्या फळीवर. बायको आल्या-गेल्याला सांगायची, “भिऊ नका, त्यांचंच आहे.”

भाजून आला तेव्हा करंगळीच्या टोकाला एक बारीक केस गेला होता, बाकी शाबूत. वर्गाचं लहानसं प्रदर्शन लागलं. हात काळ्या कापडावर ठेवला, आणि दारातून येणारा प्रत्येकजण दोन पावलांवर थांबून आपापला पंजा वर करू लागला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं शपथविधी चाललाय. पोस्टमास्तर म्हणाले अंगठा चांगला आहे, पण बूड जड. भाजीवाल्या बाई आल्या नव्हत्या, त्याही तेच म्हणाल्या असत्या. सर कोपऱ्यात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, की मी काढायला सांगितलं होतं, यांनी ठेवलं.

तेवढ्यात हाडांचे एक डॉक्टर आले. त्यांनी स्वतःचा हात वर केला नाही, एवढ्यावरूनच माणूस वेगळा हे कळलं. ते वाकले, चष्मा सारखा केला, आणि मातीच्या अंगठ्याच्या बुडावर आपला अंगठा ठेवून थोडा वेळ थांबले.

“हा कुणाचा हात?”

“माझाच. डावा.”

“बघू.”

त्यांनी माझा अंगठा धरला, आत दाबला आणि जरा फिरवला. मी जो आवाज काढला तो कोल्हापूर हद्दीत ऐकू गेला असावा.

“झीज आहे,” ते म्हणाले. “खोगीरसांध्याची. वयानं होते. हाड थोडं सरकतं, म्हणून इथं असा चौकोनी कोपरा दिसतो. अगदी अचूक केलाय तुम्ही. आता थोडे दिवस माती बंद ठेवा.”

सर पुढं झाले आणि विद्यार्थ्यांकडं वळून गंभीरपणे म्हणाले, “बघा. निरीक्षण म्हणतात ते हे. मॉडेलचं सगळं घ्यायचं.”

बायको मात्र एकटी माझ्याकडं न बघता त्या हाताकडं बघत होती. “म्हणजे बरोबर झालतं म्हणा की,” ती म्हणाली. मी काही बोलणार, तोवर सगळ्या खोलीत लोक आपापल्या अंगठ्याचं बूड दाबून बघायला लागले होते आणि डॉक्टरांपुढं रांग लागली होती. रांगेत पहिले सर होते.